सरपण दिवसा रचून ठेवा: आत्मिक जागृतीची तयारी, क्रमाने

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात. घड भरत आलेले असतात, कडाक्याच्या थंडीनं मणी तडकतात, म्हणून बागायतदार धूर करतो, ठिबकनं पाणी सोडतो. पण हा माणूस महिनाभर रात्रीच्या रात्री जागत नाही. जागला तर चौथ्या दिवशी फवारणीच्या पंपालाच टेकून झोपेल. तो उजेड आहे तोवर सरपण रचतो, काडेपेटी दंव लागणार नाही अशा जागी ठेवतो, तीनचा गजर लावतो आणि घरी जाऊन झोपतो. गजर झाला की उठून आधी तापमान बघतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातल्या, दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींवरचा संदेश आपण लहानपणापासून ऐकतो, पण पाचवं वचन बहुतेकांच्या कानावरून निसटतं. वराला उशीर लागला तेव्हा दहाही जणींना डुलकी लागली आणि दहाही झोपल्या. पाच शहाण्या होत्या त्यासुद्धा. त्यांच्या भांड्यात तेल होतं एवढाच फरक. ते संध्याकाळीच भरून आणलं होतं.

आमच्या बुधवारच्या घरसभेत दर वर्षी तेच होतं. उज्जीवन सभा (विश्वास नव्यानं जागवणाऱ्या सभा) झाली की दोन-चार जण पेटून उठतात, पहाटे चारला उठायचं ठरवतात, रोज पाच अध्याय वाचायला घेतात. सहाव्या-सातव्या दिवशी एक सकाळ चुकते, मग दुसरी, आणि महिन्याभरानं ते सभेलाही यायचे बंद होतात, कारण तोंड दाखवायची लाज वाटते. त्यांची इच्छा खरी असते, क्रम उलटा असतो. रात्र बिघडलेली ठेवून सकाळ सुधारायला निघतात.

खाली मी आठ टप्पे दिले आहेत. आठवड्याला एकच टप्पा घ्या. सगळे एकदम घेऊ नका. पहिल्या चारांत दिवस बसतो, पुढच्या चारांत बाकीचं आयुष्य.

## सुरू करण्याआधी

पाच गोष्टी हाताशी हव्यात.

छापील पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. प्रवासात मोबाईलमधलं चालेल, सकाळी नको. वचन उघडताना वर सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज दिसला की पाण्याच्या टँकरचा वाद डोक्यात शिरतो. पन्नाशी ओलांडली असेल तर मोठ्या टायपाची प्रत घ्या. डोळे ताणून वाचणारा लवकर थकतो आणि त्याला वाटतं आपली भक्ती कमी पडली.

एक वही. शंभर पानी पुरे.

गजराचं साधं घड्याळ. नाशिकला मेन रोडवर कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळेल. मोबाईलचा गजर लावला तर मोबाईल उशाशी येतो, आणि गजर बंद करणारं बोट पुढे कुठे जातं हे प्रत्येकाला माहीत आहे.

ठरलेली जागा. दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली कुठून आणणार? ओट्याशेजारची खुर्ची चालते, गॅलरीतला स्टूल चालतो. जागा रोज तीच असू द्या.

आणि एक माणूस, ज्याला आठवड्यातून एकदा खरं सांगता येईल. बाईनं बाई निवडावी, पुरुषानं पुरुष. नवरा किंवा बायको नको, कारण त्यांच्याशी आपला हिशोब वेगळा असतो. पाळक साहेबही नकोत, कारण त्यांच्यासमोर आपण थोडे सरळ बसतो.

तपासा: या पाचांपैकी एखादी गोष्ट नसेल तर आठवडाभर थांबा. सभा संपल्यावरच्या सोमवारी सुरू करू नका आणि 1 जानेवारीलाही नको. एखादा रोजचा, रटाळ मंगळवार निवडा. रटाळ दिवशी जे जमतं ते टिकतं.

## 1. रात्र आधी लावा

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवसाचा क्रम बघा: संध्याकाळ झाली, सकाळ झाली, तो पहिला दिवस. तुमचाही दिवस रात्रीपासून मोजा.

साडेपाचला उठायचं असेल तर साडेदहाला अंथरुणावर पाठ टेकलेली हवी. तिथून मागे या. दहाला मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला. त्याआधी उद्याचे कपडे आणि डब्याची तयारी. मग पवित्र शास्त्र ठरलेल्या जागी, सकाळी वाचायच्या पानावर खूण घालून, वही उघडी, पेन वहीत. चष्मा शेजारी. ही दोन मिनिटांची मांडामांड म्हणजे सरपण रचणं. सकाळी पेन शोधत फिरलात तर सात मिनिटं गेलीच समजा.

निजताना लांब प्रार्थना करू नका. चौथ्या स्तोत्राचं शेवटचं, आठवं वचन म्हणा आणि दिवा मालवा.

इथे एक कबुली देतो. ऐन तारुण्यात मी चाळीस दिवस पहाटे चारला उठायचा नेम धरला होता. झोपायची वेळ मात्र पूर्वीचीच, साडेबारा. बाराव्या की तेराव्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये असा झोपलो की सातपूरचा माझा थांबा मागे गेला, आणि जाग आली तेव्हा बसमध्ये मी आणि ड्रायव्हर. त्या दिवशीची हजेरी तर गेलीच, शिवाय आठवडाभर मी घरात प्रत्येकावर खेकसत होतो. घरचे म्हणाले, "तुझी प्रार्थना आम्हाला परवडत नाही." खरं होतं ते.

1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा दूतानं त्याला आधी खाऊ-पिऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. प्रवासाचं बोलणं त्यानंतर.

पाळीवाल्यांसाठी: अंबड-सातपूरला तिसरी पाळी करणाऱ्यांनी घड्याळ उलटं धरावं. सकाळी घरी आल्यावर आधी झोप. दुपारी उठाल ती तुमची सकाळ. रात्रभर जागून आल्यावर गुडघे टेकायचा हट्ट करू नका. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर वहीच्या पहिल्या पानावर तिन्ही पाळ्यांच्या तीन वेळा लिहून ठेवा आणि दर सोमवारी ठरवत बसू नका.

## 2. सकाळची वीस मिनिटं

क्रम असा: दोन मिनिटं शांत बसणं, एक स्तोत्र मोठ्यानं, शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) लहान भाग, एक ओळ लिहिणं, मग प्रार्थना.

प्रार्थना शेवटी का? कारण पहिल्यांदा तोंड उघडलं की मागण्याच बाहेर पडतात. मुलीचा प्रवेश, आईचा गुडघा, साहेबाचा स्वभाव. मागण्यात वावगं काही नाही, पण आधी स्तोत्र म्हटलं की मागणीचा सूर बदलतो. करून बघा. मोठ्यानं म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं नाही, आपल्या कानाला ऐकू येईल इतकं. मनातल्या मनात वाचणारं डोकं केव्हा भटकलं हे त्यालाच कळत नाही. जीभ हलत असली की अडखळल्यावर लगेच कळतं.

स्तोत्रं 150 आहेत. रोज एक म्हटलं तर पाच महिन्यांत फेरी पूर्ण होते. 119वं मात्र एका दिवसात घेऊ नका. त्यात 176 वचनं आहेत, आठ-आठ वचनांची 22 कडवी. दोन कडवी रोज घेतली की अकरा दिवस.

शुभवर्तमानात मार्कपासून सुरुवात करा. सोळाच अध्याय, वेगवान. रोज दहा-बारा वचनं घेतलीत तर दोन महिने पुरतात. पुढे सबंध नवा करार घ्यायचा असेल तर हिशोब सोपा आहे: 260 अध्याय, आठवड्याला पाच, बरोबर 52 आठवडे. शनिवार-रविवार मोकळे राहतात, मागे पडलेलं भरायला.

आता ती एक ओळ. बहुतेक जण इथेच चुकतात. लिहितात: "देव किती प्रेमळ आहे." वाक्य खरं आहे, पण त्याचं दुपारी तुम्ही काय करणार? ओळीत क्रियापद हवं, आजच करायचं. मार्क 1:41 मध्ये येशूनं कुष्ठरोग्याला हात लावला. त्याला बरं करायला नुसता शब्दही पुरला असता, तरी त्यानं हात लावला. त्या दिवशीची माझ्या वहीतली ओळ अशी आहे: "खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दारातूनच विचारतो. आज आत जाऊन पाच मिनिटं बसायचं." गेलो. आजोबांच्या घरात औषधाचा वास होता, त्यांनी माझा हात धरून ठेवला, पाचाची चाळीस मिनिटं झाली आणि दळण राहिलं.

नेहमीच्या चुका: डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन "माझ्यासाठी" म्हणून घ्यायचं. नुसत्या आशीर्वादांची वचनं छापलेली कार्डं उपसत राहायचं. इशाऱ्यांची कार्डं कोणी छापत नाही. उत्पत्तीपासून जोशात सुरुवात करून तिसऱ्या पुस्तकात, लेवीयमध्ये, रुतायचं. आणि किती अध्याय झाले ते दुसऱ्यांना सांगायचं.

## 3. दिवसातले चार थांबे

मार्क 13:35 मध्ये घरधनी केव्हा येईल याचे चार प्रहर सांगितले आहेत: संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ, सकाळ. पहारेकरी सलग चारही प्रहर उभा नसतो, पाळी बदलते. आपणही दिवसात चार ठिकाणी अर्धा मिनिट थांबायचं.

घड्याळाला बांधू नका, वस्तूंना बांधा. गाडीला किल्ली लावताना. डबा उघडताना. द्वारका चौकात सिग्नलमध्ये अडकल्यावर (इथे अर्धा मिनिट काय, प्रेषितांचा विश्वासांगीकार दोनदा म्हणून होतो). घरी येऊन चप्पल काढताना. चौथा थांबा सगळ्यात कामाचा, कारण बाहेरचा राग आपण चपलेसकट आत नेतो. थांबून एवढंच म्हणा: "प्रभू, मी इथे आहे." जमलं नाही तर हळहळ नको, पुढचा थांबा येतोच आहे.

## 4. पान उलटून बघा

गोडी (ऑक्टोबरच्या) छाटणीनंतर पाऊस झाला की द्राक्षवाला डावणी रोगाच्या धास्तीत असतो. पानाच्या वरच्या बाजूला फिकट, तेलकट डाग दिसतो. नवखा माणूस तो बघून म्हणतो, ठीक आहे, ऊन लागलं असेल. जुना माणूस पान उलटतो. खाली पांढरी लव आलेली असते. ती दिसली की दुसऱ्या दिवसावर ढकलत नाही.

संध्याकाळी जेवणानंतर, झोप यायच्या आत, दहा मिनिटं हे करायचं. वही तीच, सकाळच्या ओळीच्या खाली.

आधी दिवस सकाळपासून आठवा. दोन गोष्टींसाठी आभार माना, नेमक्या. "सर्व आशीर्वादांबद्दल" असं मोघम नको. मग तेलकट डाग शोधा: आज कुठे आवाज चढला, कुठे गोष्ट फिरवून सांगितली, कुठे कोणाचं चांगलं झालेलं बघून पोटात दुखलं. आणि मग पान उलटा: त्याच्या खाली काय आहे? मुलावर ओरडलो हा डाग. खाली बघितलं तर पगारवाढीच्या यादीत नाव नव्हतं.

लूक 21:34 इथे जवळ ठेवा. अंतःकरण जड करणाऱ्या गोष्टी येशूनं तिथे एका दमात सांगितल्या: अधाशीपणाची गुंगी, दारूबाजी आणि संसाराच्या चिंता. पहिल्या दोन ऐकून आपण बाकावर निवांत बसतो, कारण आपण पीत नाही. तिसरी आपल्याला पाप वाटतच नाही, उलट जबाबदारपणा वाटतो. घराचा हप्ता, मुलाचं पॅकेज, गंगापूर रोडला घेतलेल्या फ्लॅटचं पझेशन. ज्या माणसाचं डोकं चोवीस तास हप्त्यात असतं त्याला दारात कोणी उभं आहे हे ऐकू येत नाही, आणि त्याच्या तोंडाला वासही येत नाही, म्हणून मंडळीत कोणी टोकतही नाही. माझ्या मते आपल्या मध्यमवर्गीय मंडळ्यांमध्ये झोप लावणारं मुख्य औषध हेच आहे.

सापडलं ते एका वाक्यात कबूल करा. 1 योहान 1:9 वाचा आणि वही मिटा. तोच डाग उगाळत बसू नका.

सावधान: ज्यांचा स्वभाव मुळात स्वतःला बोल लावायचा आहे, त्यांनी हा टप्पा पाच मिनिटांत संपवावा आणि आभाराच्या गोष्टी दोनाऐवजी चार कराव्यात. रोज रात्री रडू येत असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर ते आत्मिक आळसाचं लक्षण समजू नका. आपल्या माणसाशी बोला, पाळकांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा.

## 5. उघडे हिशोब मिटवा

या टप्प्याला आठवडा पुरत नाही, महिना लागतो. "प्रभू आज आला तर तयार आहात का?" असं विचारलं की आपण डोळे मिटून आत बघतो. मी म्हणतो, आधी कपाट उघडा.

एका कागदावर तीन याद्या करा. कोणाशी बोलणं बंद आहे. कोणाचं देणं आहे. आणि मी उद्या नसलो तर कोणाची पंचाईत होईल.

पहिली यादी. मत्तय 5:23-24 मध्ये अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. लक्ष द्या, तिथे "तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर" असं नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. म्हणजे आपलं मन साफ आहे एवढ्यानं भागत नाही. व्हॉट्सॲपवर "माझं काही चुकलं असेल तर माफ करा" असं पाठवणं ही माफी नव्हे, ती पावती मागणं आहे. काय चुकलं ते नाव घेऊन सांगा, समोर जाऊन, आणि ऐकून घ्यायची तयारी ठेवा. जिथे मारहाण, छळ झालेला असेल तिथे मात्र एकट्यानं जाऊ नका. क्षमा करायला त्या घरात परत राहायला जावं लागत नाही.

दुसरी यादी सोपी. वाण्याची उधारी, मंडळीच्या सहलीची राहिलेली वर्गणी, दहा वर्षांपूर्वी आणलेलं पुस्तक. रक्कम छोटी असली की विसरणं सोयीचं असतं. लिहा आणि एकेक खोडा.

तिसऱ्या यादीला लोक नाकं मुरडतात. म्हणतात, हे काय आत्मिक आहे? ज्या घरात बाप गेल्यावर तिसऱ्या दिवशी भाऊ प्लॉटवरून भांडतात, त्या घरात विचारा. बँक खात्याला, विम्याला वारसाचं नामांकन आहे का ते बघा. कागद कुठे आहेत ते घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या. मृत्युपत्र करा. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्राला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, आणि त्यातल्या तीन गोष्टी आपल्याकडे हमखास चुकतात. दोन साक्षीदार लागतात आणि त्यांनी सह्या करायच्या असतात. ज्याला तुम्ही काही देताय त्याला किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला साक्षीदार केलंत तर त्याला दिलेलं रद्द ठरतं. धाकट्या जावयाला "तू घरचाच" म्हणून सही करायला लावली की धाकटीचा वाटा गेला. आणि मृत्युपत्र केल्यानंतर तुम्ही लग्न केलंत तर ते मृत्युपत्र रद्द होतं, त्यामुळे विधुरानं पुन्हा लग्न केल्यावर कागद नव्यानं करायला हवा. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवलेली बरी. एकदा वकिलाला दाखवा.

तपासा: तिन्ही याद्यांत किमान एकेक ओळ खोडली गेल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## 6. आठवडा शनिवारी संध्याकाळी सुरू होतो

रविवारी मिस्सा असो की उपासना, ती शनिवारी रात्री बिघडते. लग्नाच्या रिसेप्शनहून साडेअकराला आलेलं कुटुंब सकाळी भांडत भांडत रिक्षात बसतं, पहिलं गीत संपल्यावर आत शिरतं आणि संदेशात पेंगतं. शनिवारी कपडे काढून ठेवा, अर्पणाचे पैसे पाकिटात घालून ठेवा, दुसऱ्या दिवशीचा शास्त्रभाग घरात एकानं मोठ्यानं वाचा. रोज कुटुंबप्रार्थना जमत नसेल तर निदान शनिवारची सोडू नका. लहान मुलं असतील तर दहा मिनिटांच्या वर नको.

प्रभुभोजनाच्या आठवड्यात शुक्रवारी 1 करिंथ 11:28 वाचा. आधी परीक्षा, मग भाकर, असा तिथला क्रम आहे. मेजाकडे रांग लागल्यावर परीक्षा करायला वेळ नसतो. तेव्हा आपण पुढच्याच्या साडीकडे बघत असतो.

निवडलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा भेटा किंवा फोन करा. तीनच प्रश्न: वाचन किती दिवस झालं? कोणता डाग पुन्हा आला? यादीतली कोणती ओळ अजून खोडलेली नाही? उत्तर आलं की उपदेश करायची खुमखुमी दाबा, दोन वाक्यांत प्रार्थना करा आणि चहा घ्या.

वर्षात दोन ऋतू जादा तयारीचे असतात: नाताळापूर्वीचे आगमनकाळाचे चार रविवार, आणि राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचे, मधले रविवार सोडून, चाळीस दिवस. गंमत अशी की आगमनकाळ हा वाट बघण्याचा काळ, आणि तेव्हाच आपण सगळ्यात बेशुद्ध असतो: रंगकाम, करंज्या, कॅरलच्या फेऱ्या. डिसेंबरच्या थंडीत देवळालीपासून शरणपूर रोडपर्यंत घरोघर गात फिरून तरुण संघ मध्यरात्री घरी येतो. फेऱ्या जरूर करा. पण त्या आठवड्यांत नवा नेम धरू नका, असलेलाच लहान करून सांभाळा. एक स्तोत्र, एक ओळ, बस.

उपवास करणार असाल तर मधुमेह, रक्तदाबाची गोळी, गरोदरपण, अंगावर पिणारं मूल यांपैकी काही असल्यास डॉक्टरांना विचारूनच करा. अन्नाऐवजी मोबाईलचा उपवासही कठीण जातो, हे अनुभवानं सांगतो.

## 7. आलेला निरोप पारखून घ्या

जागं राहायला निघालेल्या माणसाला हमखास घाबरवलं जातं. युद्ध सुरू झालं, भूकंप झाला, ग्रहण लागलं की व्हॉट्सॲपवर प्रभूच्या येण्याच्या तारखा फिरायला लागतात. मत्तय 24:36 मध्ये सरळ लिहिलं आहे की तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कोणालाच ठाऊक नाही, तरी माणसं गणितं मांडतात. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली होती. तिथल्याच हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकानं 21 मे 2011 सांगितली, ती गेल्यावर त्याच वर्षाची 21 ऑक्टोबर. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळ झाली आणि ज्यांनी घरदार विकलं होतं त्यांना ते परत मिळालं नाही.

निरोप आला की याच क्रमानं जा:

एक, पुढे पाठवू नका. एक दिवस थांबा.

दोन, त्यात वचन दिलं असेल तर ते वचन उघडा आणि त्याचा सबंध अध्याय वाचा, मागचा-पुढचाही. बिरुया गावातले लोक प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून बघत होते (प्रेषितांची कृत्ये 17:11). निरोप पाठवणारा काही पौलापेक्षा मोठा नाही.

तीन, तो तुमच्याकडून काय मागतो ते बघा. पैसे, गुप्तता, घाई, किंवा आपली मंडळी सोडणं, यांतलं एक जरी मागत असेल तर तिथेच थांबा. "या खात्यावर बीज पेरा" म्हणणाऱ्याला खत कुठलं टाकता ते विचारा.

चार, पाळक साहेबांना किंवा फादरना दाखवा.

पाच, तरीही शंका उरली तर 1 थेस्सलनीका 5:21 प्रमाणे चांगलं ते धरा, बाकी सोडून द्या.

सावधान: कोणाच्याही "दर्शना"वरून औषध बंद करू नका, नोकरी सोडू नका, मुलीचं लग्न ठरवू किंवा मोडू नका. थेस्सलनीकातही काही जण काम सोडून रिकामे फिरत होते. पौलानं त्यांना काम करून स्वतःची भाकर खायला सांगितलं (2 थेस्सलनीका 3:11-12).

हे कानात बसायला एक युक्ती आहे. निरोप वाचून भीतीनं पोटात गोळा आला, पण आज करण्यासारखं काहीच सुचलं नाही, तर तो निरोप तुम्हाला जागं करायला आलेला नव्हता.

## 8. खंड पडल्यावर

खंड पडणारच. दवाखान्यात माणूस असेल, द्राक्षाची तोडणी चालू असेल, मार्चअखेर असेल, फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडच्या घरी पाहुण्यांची रांग असेल. खंडापेक्षा खंडानंतरची पहिली सकाळ जास्त धोक्याची. तेव्हा दोन चुका होतात. एकतर माणूस नऊ दिवसांची नऊ स्तोत्रं एका बैठकीत भरून काढायला बसतो आणि दहाव्या दिवशी पुन्हा थकतो. नाहीतर म्हणतो, आता पुढच्या एक तारखेपासून.

राहिलेलं भरून काढू नका. खूण जिथे आहे तिथूनच पुढे जा. सकाळी नाही, रात्रीपासून सुरू करा, म्हणजे पहिल्या टप्प्यापासून: मोबाईल हॉलमध्ये, पेन वहीत. पहिले तीन दिवस फक्त स्तोत्र. चौथ्या दिवशी ओळ. संध्याकाळचं पान उलटणं आठवडाभरानं. ज्याला आपलं खरं सांगतो त्याला त्याच दिवशी फोन करून "नऊ दिवस झालं नाही" एवढं सांगा. कारणं सांगत बसू नका, तोही विचारणार नाही.

वहीत त्या नऊ दिवसांच्या जागा रिकाम्या सोडू नका आणि पानंही फाडू नका. शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारा, आजची तारीख घाला, स्तोत्राचा आकडा लिहा. माझ्या चालू वहीत अशा अकरा रेघा आहेत. बारावीला जागा ठेवली आहे.